आपल्या माणसाचे कपडे घराबाहेर काढण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पितृपक्षाच्या पंधरवड्यात आपल्या घरांतून दोन कामे बरोबरीने चाललेली असतात. एकीकडे गेलेल्या माणसांच्या तिथीला पान वाढले जाते आणि दुसरीकडे घट बसण्यापूर्वी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची घाई असते. माझ्या लहानपणी या दिवसांत पर्वतीच्या बाजूला मुठेच्या कालव्यावर गोधड्या धुणाऱ्या बायकांची गर्दी होत असे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नसे, म्हणून दोघी दोन टोकांना धरून ती पिळत. त्या गोधड्यांपैकी कित्येक ज्यांच्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या शिवलेल्या होत्या, त्याच माणसांच्या नावाने त्या पंधरवड्यात घरी पान मांडले जात होते. हा संबंध माझ्या ध्यानात आला तो मी स्वतः गोधडी शिवायला बसू लागल्यावर. आता पुन्हा तेच दिवस जवळ आले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे : घरातले माणूस गेल्यावर त्याचे कपडे घाईने घराबाहेर काढू नयेत. त्यांतले सुती, धुवून टिकतील असे कपडे बाजूला ठेवावेत आणि वर्षभरात केव्हातरी, मन थोडे थाऱ्यावर आल्यावर, घरच्यांनी मिळून स्वतःच्या हाताने त्यांची गोधडी शिवावी.

सध्या प्रत्यक्षात काय होते, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेरावे उरकते, पाहुणे परतायला लागतात आणि जाण्यापूर्वी एखादी आत्या किंवा मामी मदत म्हणून कपाट रिकामे करायला घेते. तिचा हेतू चांगलाच असतो, कारण तो कप्पा रोज उघडून पाहणे मागे राहिलेल्यांना सोसणार नाही असे तिला मनापासून वाटत असते. चांगले कपडे कुणा गरजूला दिले जातात, आणि ते योग्यच आहे. उरलेले मात्र भांडी घेऊन दारात येणाऱ्या बोहारणीकडे जातात, किंवा पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि काही घरांतून तर ते आजही नदीत सोडले जातात. मग सहा महिन्यांनी मुलगी किंवा नातू विचारतो की बाबांचा तो रेघांचा सदरा कुठे आहे, आणि तोवर तो कुठेच नसतो.

मृताचे कपडे घरात ठेवू नयेत, असे मानणारी पुष्कळ घरे आहेत. कुणाची श्रद्धा दुखवावी अशी माझी इच्छा नाही, पण या समजुतीकडे थोडे बारकाईने पाहावे अशी विनंती मी जरूर करीन. आईची पैठणी, तिच्या पाटल्या आणि वडिलांचे मनगटी घड्याळ आपण घराबाहेर काढत नाही. ते पुढच्या पिढीने मिरवावे असेच आपल्याला वाटते. बाहेर जातात ते रोजचे, अंगावर झिजलेले सुती कपडे, म्हणजे ज्यांत त्या माणसाचे खरे आयुष्य गेले तेच. शिवाय नव्या बाळाला जुन्या लुगड्याच्या मऊ दुपट्यात गुंडाळण्याची आपली रीत आहे, आणि ते लुगडे पणजीचे असेल तर घरातल्या बायका ते कौतुकाने सांगतात. पणजी हयात नाही म्हणून ते दुपटे कुणी बाजूला टाकल्याचे मी कधी पाहिलेले नाही. ज्या कापडात आपण नवजात जीव ठेवतो, ते मोठ्यांच्या पांघरुणाला अशुभ कसे ठरेल, हा प्रश्न मी अनेक जाणत्या स्त्रियांना विचारला आहे, आणि प्रत्येकीने थोडा विचार करून गोधडीच्याच बाजूने कौल दिला आहे.

आई-वडिलांच्या कपड्यांची गोधडी मी शिवली तेव्हा मला जे दिसले, ते कपाटात ठेवलेल्या घडीवरून कधीच दिसले नसते. वडील एका शाळेत कारकून होते आणि रोज पांढरा सदरा घालत. गोधडीसाठी सदरा वापरायचा तर आधी त्याच्या सगळ्या शिवणी उसवाव्या लागतात. कॉलर उसवताना माझ्या लक्षात आले की तिथे टीप दोनदा घातलेली आहे. कॉलरची घडी झिजली की ती उसवून उलट्या बाजूने पुन्हा बसवून घेण्याची त्या काळी पद्धत होती, म्हणजे सदरा आणखी दोन-तीन वर्षे ऑफिसला घालण्यासारखा राही. वडिलांच्या बहुतेक सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी अशा उलटवलेल्या निघाल्या. आम्हां भावंडांच्या फीचे पैसे कुठून येत होते, त्याचा हिशेब त्या दुहेरी टिपांत मला वाचायला मिळाला. आईच्या लुगड्यांचेही तसेच. लुगडे सगळीकडे सारखे विरत नाही. पदर खांद्यावरून जातो तिथे ते पातळ होते, काष्ट्याच्या चुण्यांत ते आधी जाते, आणि आईच्या प्रत्येक लुगड्यात आणखी एक हातभर जागा विरलेली होती. विळीवर बसताना जो गुडघा उभा राहतो, त्याच्यावर येणारी ती जागा होती. तेवढा भाग वगळून मी कापड कापले, परंतु त्यातला एक तुकडा मुद्दाम गोधडीच्या कडेला लावला आणि त्याखाली दुसऱ्या कापडाचा आधार दिला.

गोधडीचे गणित फार सुंदर आहे आणि ते नव्या पिढीला माहीत असावे असे मला वाटते. नऊवारी लुगड्याचे सव्वादोन वारांचे बरोबर चार तुकडे पडतात. पन्हा सव्वा वाराचा असेल तर दोन तुकडे लांबीच्या कडेने जोडले की सव्वादोन वार लांब आणि अडीच वार रुंद असा एक चौरस-सारखा पाट तयार होतो. असे दोन पाट म्हणजे गोधडीची वरची आणि खालची बाजू. एका लुगड्यात अख्ख्या गोधडीची दोन्ही अंगे बसतात, कापडाचा तुकडाही वाया जात नाही, आणि काठ कुठे येईल हेही आधीच ठरवता येते. मधल्या थरांत धोतर, सदरे, लुंगी, चादरी, जे असेल ते घालावे. माझ्या गोधडीत दोन्हीकडे आईचे लुगडे आहे आणि मधल्या थरात वडिलांचे धोतर आणि सदरे आहेत.

शिवायला बसणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगते, कारण हौसेने सुरू केलेल्या पुष्कळ गोधड्या साध्या चुकांमुळे अर्ध्यावर राहतात. कपड्याला त्या माणसाचा वास आहे म्हणून तो न धुता वापरावा असा मोह अनेकांना होतो. तसे करू नये. घामाच्या आणि तेलाच्या जागी कापड आधी कुजते आणि कसरही तिथेच लागते. कपडे धुऊन, खळ न घालता, उन्हात खडखडीत वाळवावेत. अस्तराला नवे कापड घेणार असाल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवल्याशिवाय कापू नये, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि गोधडीभर सुरकुत्या पडतात. सुती आणि टेरिकॉट एका गोधडीत मिसळू नये, कारण सूत आटते आणि टेरिकॉट आटत नाही. वडिलांचे सगळे कपडे टेरिकॉटचेच असतील तर त्यांची वेगळी, पातळ गोधडी करावी. तीही छान होते. जरीचा काठ धावदोऱ्याखाली घेऊ नये, कारण जरीने दोरा कापला जातो. थर जमिनीवर अंथरल्यावर मधून कडेकडे हाताने सपाट करत जावे, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे आणि मोठमोठे कच्चे टाके घालून थर पक्के बसवावेत. त्यानंतरच धावदोऱ्याला सुरुवात करावी. आमच्याकडे कडेपासून सुरू करून चौकोनातून चौकोन असे आत मध्यापर्यंत जाण्याची पद्धत आहे, आणि दोन ओळींत बोटभर अंतर ठेवतात. सुई लांब घ्यावी, दोरा जाड सुती घ्यावा आणि मधल्या बोटात अंगुस्तान घालायला लाजू नये.

धावदोरा शिकायला एक दुपार पुरते. टाके एकसारखे यायला मात्र बराच काळ जावा लागतो, आणि छंद म्हणून या कामाचे मोल नेमके त्या काळातच आहे. शोकात असलेल्या माणसाला वाचन जमत नाही, टीव्ही नकोसा होतो, आणि भेटायला येणारे तेच तेच बोलतात. हाताला काम असले की दुपार निघते. तेही असे काम की जे घाईने करता येत नाही, मध्येच सोडले तर बिघडत नाही आणि दुसऱ्या दिवशी जिथे सुई टोचून ठेवली तिथूनच पुढे सुरू होते. आम्ही काही जण आठवड्यातून एकदा दुपारी एकत्र बसतो. त्यांत पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, जे पत्नीच्या सुती साड्यांची गोधडी शिवत आहेत. आयुष्यभर मोजमापाचे काम केल्यामुळे त्यांच्या ओळी आम्हां सर्वांपेक्षा सरळ येतात. पुरुषांनी हे काम करावे की नाही, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच दुपारी निकालात निघाला. माझे निरीक्षण असे आहे की गेलेल्या माणसाविषयी थेट विचारले तर लोक दोन वाक्यांत आवरते घेतात. पण मांडीवरच्या कापडाकडे बोट दाखवून ‘हा तुकडा कुणाचा?’ एवढे विचारले की तासभर बोलतात. ते साडी कुठून घेतली इथून सुरुवात करतात, मग लग्नाचे वर्ष येते, मग भांडणे येतात, आणि आजारपणाचे शेवटचे दिवस अगदी शेवटी आणि थोडक्यात येतात. माणूस आठवायचा तो असा सबंध आठवावा, नुसते त्याचे शेवटचे दिवस आठवू नयेत.

हे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे या स्त्रीने 1942 मध्ये, पतीच्या निधनानंतर, त्याच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच्या प्रेमाखाली झोपता यावे, अशा अर्थाचे तिचे बोलणे तिच्या मुलीने पुढे सांगितले आहे. गुडघ्यावर फिकट झालेल्या विजारींचे तुकडे त्या वस्तीतल्या गोधड्यांत तसेच दिसतात, आणि या गोधड्या 2002 पासून अमेरिकेतल्या मोठमोठ्या कलासंग्रहालयांत मानाने मांडल्या गेल्या.

याहून मोठे उदाहरण एड्सने मृत्यू पावलेल्यांच्या स्मृतीसाठी शिवलेल्या गोधडीचे आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधील क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याला ती कल्पना 1985 मध्ये सुचली, जेव्हा एका मोर्चात लोकांनी मृतांची नावे कागदांवर लिहून एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली आणि लांबून ती भिंत गोधडीसारखी दिसू लागली. प्रत्येक माणसासाठी सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे साधारण एका थडग्याएवढा, कापडाचा पट्टा असावा असे ठरले. 11 ऑक्टोबर 1987 रोजी वॉशिंग्टनमध्ये ती गोधडी पहिल्यांदा अंथरली गेली तेव्हा तिच्यात 1,920 पट्टे होते. आज ते पन्नास हजारांच्या घरात आहेत आणि त्यांवर एक लाखाहून अधिक नावे आहेत. त्या काळी या आजाराने गेलेल्यांचे नाव घ्यायला घरचेही कचरत असत, अंत्यसंस्कार करायला माणसे मिळत नसत. ज्यांना सार्वजनिक शोक नाकारला गेला, त्यांच्यासाठी आयांनी, मित्रांनी आणि जोडीदारांनी त्यांचे सदरे, जीन्स, टोप्या आणि खेळणी शिवून तो शोक उघड्यावर मांडला.

हे वाचताना मला आपल्या पुण्याची आठवण झाली. महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण 9 मार्च 2020 रोजी याच शहरात आढळले, आणि पुढची दोन वर्षे या शहराने काय सोसले ते वेगळे सांगायला नको. कित्येक घरांना आपल्या माणसाचे अखेरचे तोंडही पाहता आले नाही, कित्येकांना दहावे-तेरावे धड करता आले नाही, आणि सांत्वनाला कुणी येऊ शकले नाही. त्या घरांत कपडे अजून आहेत, हे मला ठाऊक आहे, कारण आमच्या दुपारच्या बैठकीत येणाऱ्यांपैकी काहीजणी तेच कपडे घेऊन आल्या आहेत. ते टाकायचे त्यांच्या जिवावर येते आणि उघडून पाहवतही नाहीत, म्हणून ते इतकी वर्षे एका पिशवीत बांधून ठेवले होते.

म्हणून माझी महापालिकेला आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. शहरात ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्रे आहेत आणि दुपारच्या वेळी त्यांतील अनेक जागा रिकाम्या असतात. तिथे आठवड्यातून एक दुपार गोधडीसाठी ठेवावी. यासाठी खर्च जवळजवळ नाही. अंथरायला स्वच्छ जमीन, चांगला उजेड, गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक मोठे टेबल आणि अर्धवट राहिलेल्या गोधड्या ठेवायला कुलपाचे एक कपाट एवढे पुरेसे आहे. शिकवायला मात्र योग्य माणसे बोलवावीत आणि त्यांना मानधन द्यावे. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बसून घरोघरच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका या शहरात आहेत. थर कसा बसवावा आणि कोपरा कसा वळवावा हे त्यांच्याइतके कुणालाच येत नाही, आणि त्यांच्याशी आपण अजूनही दहा-वीस रुपयांची घासाघीस करतो. त्यांना शिक्षिका म्हणून बोलवावे. आणि या दुपारींची स्पर्धा, बक्षिसे, विक्रीचे प्रदर्शन असे काही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या माणसाच्या सदऱ्याला कुणी क्रमांक द्यायचा नसतो.

दुसरी विनंती राजा दिनकर केळकर संग्रहालयाला आहे. कवी म्हणून ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणाऱ्या दिनकर केळकर यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव या संग्रहाला दिले आणि पत्नी कमलाबाईंच्या साथीने जमवलेला हा ठेवा 1975 मध्ये महाराष्ट्राच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्‍या अशा घरातल्या वस्तूंना तिथे जो मान मिळाला, तो देशात क्वचितच कुठे मिळाला असेल. एका बापाच्या आठवणीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूत पुणेकरांच्या घरच्या गोधड्या, त्यांतले कापड कुणाचे आणि टाके कुणाचे या माहितीसह, वर्षातून एकदा काही दिवस मांडल्या जाव्यात. घरच्यांनी त्या आणाव्यात आणि परत घेऊन जाव्यात. संग्रहालयाने त्या ठेवून घ्याव्यात असे मला वाटत नाही, कारण गोधडी पांघरण्यासाठी असते.

वाचकांना एक काम मात्र आजच करता येईल. घरात जुनी गोधडी असेल तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला जवळ बसवून ती कुणी शिवली, कधी शिवली आणि त्यातला कुठला तुकडा कुणाच्या अंगावरचा, हे विचारून घ्यावे. मग हातभर पांढऱ्या सुती कापडाच्या पट्टीवर ते पक्क्या शाईने किंवा दोऱ्याने लिहून ती पट्टी गोधडीच्या उलट्या बाजूच्या कोपऱ्यात शिवावी. आजवरच्या हजारो गोधड्यांवर शिवणारीचे नाव नाही. पट्टीवर पहिले नाव तिचे घालावे. गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, सुती चादरीत गुंडाळून कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावी आणि दर काही महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे कापड एकाच रेषेवर फाटत नाही. या पितृपक्षात गोधड्या धुवायला निघतीलच. त्या वाळत असताना ही पट्टी शिवून होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे